मोजपट्टीशेजारची बाई

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. एका संग्रहालयातल्या लोखंडी कपाटावर सध्या माझा मुक्काम असतो. झाकणाची एक बिजागरी निखळली आहे, काच मात्र अजून शाबूत आहे.

कारखान्यातून नवाकोरा निघालो तेव्हा माझा काय तोरा होता! कागद काचेवर ठेवला की माझा दिवा सरकत जायचा आणि कागद जसाच्या तसा संगणकात उतरायचा. संग्रहालयात स्कॅनिंगचे काम ताईंकडे होते. त्या रोज मऊ फडक्याने माझी काच पुसायच्या आणि मगच चहाला जायच्या.

आमच्याकडे परक्या राजवटीतल्या साहेबांनी काढलेले फोटो होते. हे साहेब गावोगाव फिरत, माणसांना मोजपट्टीशेजारी उभे करत आणि नावाऐवजी खाली 'नमुना' असे लिहीत. आमच्या संचालकांची ताईंना सक्त ताकीद होती, की पट्टीवरचे आकडे स्वच्छ वाचता आले पाहिजेत. चेहरा जरा अंधुक आला तरी चालेल. मी आकडे असे टिपले की बोट दाखवायला जागा नाही. सगळे फोटो इंटरनेटवर गेले आणि संचालकांचा सत्कार झाला. राबलो आम्ही, हार त्यांच्या गळ्यात. चालायचेच.

मग एका दुपारी एक बस ड्रायव्हर आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. त्याच्या मुलीला शाळेच्या अभ्यासासाठी फोटो शोधताना इंटरनेटवर आमच्या एका फोटोत एक तरुण बाई दिसली होती, हुबेहूब तिच्या आजीसारखी. तिने मोबाइल आजींपुढे धरला होता.

"ही माझी आई," आजी म्हणाल्या. "साहेबानं अंगावरची शाल काढायला लावून उभं केलं होतं तिला. त्यानंतर ती जन्मात कधी फोटोला उभी राहिली नाही. तेवढा फोटो तिथून काढून टाका."

"आजी, फोटो साहेबांचा आहे. आमच्या नोंदीत त्यांचंच नाव आहे," संचालक म्हणाले.

"मग पट्टीशेजारी कोण उभं राहिलं होतं? साहेब?"

संचालक म्हणाले, "अहो, हा साऱ्या जगाचा ठेवा आहे."

"आई जगाची नव्हती. माझी होती."

ताई पुढे आल्या. "सर, साहेबांनी तिला विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि आपणही कुणाला विचारलं नाही."

संचालकांनी फोटो जवळ ओढून चेहरा पाहिला. मग म्हणाले, "काढा."

आजी दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. घरी आईचा एकही फोटो नाही, असे त्या हळूच म्हणाल्या. ताईंनी मूळ फोटो माझ्या काचेवर ठेवला. काळा कागद कापून पट्टी, आकडा आणि उघडे खांदे झाकले. मी नुसता चेहरा टिपला, अगदी मनापासून. छापलेला कागद आजींनी दोन्ही हातांत धरला.

"माझ्या नातीएवढी दिसतेस की गं," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसून रडल्या. मलाही भरून आले.

पुढे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. त्याची नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे, हे मान्य. पण मित्रांनो, फोटोतल्या माणसाची मुलेबाळे कुठे आहेत, हे कुठल्याच यंत्राला दिसत नाही. कुणाचा जुना फोटो हाती आला, तर तो चारचौघांत फिरवण्याआधी त्याच्या माणसांना शोधा, त्यांना विचारा. ती सापडतात. आजी तर इतकी वर्षे आमच्या पुढच्याच बसथांब्याजवळ राहत होत्या.