अकलोलीच्या कुंडावर माता

आमच्या मेमने त्या रविवारी सकाळीच सांगून टाकलं, ही शेवटची सहल. धड झाली तर भिवंडीत राहू, नाहीतर गुरुवारच्या विमानाने ती पोरींना घेऊन परत बेल्जियमला. साहेब एकटाच राहील, कारखान्यात नवे लूम बसवत.

मेमचं नाव ग्रीत. थोरली लीस चार वर्षांची, धाकटी एल्के दोनची. मी शैला, त्यांना सांभाळायला. दहावी पास, इंग्रजी तोडकंमोडकं, आवाज मात्र अख्ख्या आळीत पहिला. काम काय, दुसरं मिळालं असतं. पण ती लीस झोपताना माझ्या बांगड्यांत बोटं अडकवून झोपायची. पाच महिन्यांत त्या कार्टीने मला पार येडं करून टाकलं होतं. ती जाणार म्हटल्यावर माझा सकाळचा चहा तसाच गार झाला.

मेमचं तरी काय चुकत होतं म्हणा! आम्हा लोकांना गोरं पोर दिसलं की हात शिवशिवतात. अंबाडीच्या बाजारात नेलं तर अर्धा बाजार गालगुच्चे घ्यायला गोळा. एकाने लीसचे केस ओढून पाहिले, खरे आहेत का म्हणून. ती त्याला कडकडून चावली. मला मनातून बरं वाटलं. मग ड्रायव्हर लडकूने कोन गावी पुतणीच्या हळदीला नेलं. तिथे नवरी राहिली बाजूला आणि सगळे फोटो आमच्या पोरींबरोबर. एल्के अकरा मांड्यांवरून फिरली आणि बाराव्या मांडीवर मुतली. ते लडकूचे सख्खे मामा होते.

"अकलोलीला चला," लडकू म्हणाला. "गरम पान्याचे कुंड हायत. शांत जागा हाय."

शांत कसली, डोंबल! मेमने त्यातल्या त्यात कोमट कुंड बघून पोरींचे पाय पाण्यात सोडले. लीस खिदळली. दोनच मिनिटं. मग एक बाई आली, "अय्या, बाहुली!" तिच्यामागून तिची नणंद, नणंदेची पोरं आणि ठाण्याहून आलेली अख्खी बस. एकाने एल्केला उचललंच. एल्के किंचाळली, मेमचा चेहरा लालभडक, लीस दात काढून तयार. संपलं, म्हटलं. आला गुरुवार.

माझं डोकंच सटकलं. कमरेवर हात ठेवून मी ओरडले, "ए! हात नको लावू! माता आलीय! दोघींना कांजिण्या निघाल्यात!"

त्या माणसाने एल्केला अलगद खाली ठेवलं. सगळे दहा पावलं मागे सरले. मला वाटलं, आता पळतील. पण पळतात कसले! देवी आलेल्या पोरांना पाठ कोण दाखवणार? पटापट चपला निघाल्या, हात जोडले गेले. एका म्हातारीने कडुनिंबाची डहाळी मोडून आणली, लांबूनच ओवाळली आणि मेमच्या पायाशी ठेवली. दुसरीने नारळ ठेवला. एक लूमवाला भैया तर "मैया, किरपा रखना" म्हणत आडवाच पडला. मेमला काही कळेना. पण मधल्या मोकळ्या जागेत पोरी तासभर पाणी उडवत राहिल्या आणि कोणी बोट लावलं नाही.

परतताना तिने विचारलं, तू काय बोललीस? मी खरं ते सांगितलं. ती इतकी हसली की लडकूने गाडी बाजूला घेतली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण शैला, दर रविवारी खोटं बोलून नाही ना राहता येणार." गुरुवार होता तिथेच होता.

मला आणखी एक बोच होती. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव टोपलीत भरून खाडीत सोडले. माझे वडील यादवराव दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतात. आणि त्यांची लेक भर कुंडावर माता बोलावते!

मंगळवारी लीसच्या पाठीवर सात फोड उठले.

असलं काही नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते दोनदा मोजले. माझ्या मेलीच्या तोंडाला काय झालं होतं, म्हणून मी मोरीत जाऊन रडले. डॉक्टरांनी बघितलं. कांजिण्याच, पण पंधरा दिवस आधीच अंगात शिरलेल्या, बहुतेक त्या हळदीतच. मेम शांत. तिच्या देशात सगळ्याच पोरांना येतात म्हणे, लहानपणीच आटपलेलं बरं. मग डॉक्टर म्हणाले, खपल्या पडेपर्यंत विमानात घेणार नाहीत, आणि धाकटीलाही येणार, तेव्हा महिना धरा.

महिना! मी देवाचे आभार मानणार होते, पण जीभ आवरली.

विहारामागच्या कडुनिंबाचा पाला तोडताना वडिलांनी मला पकडलं.

"कशाला गं?"

"आंघोळीच्या पाण्यात घालायला. खाज कमी होते, दादा. शास्त्र आहे."

"मग पदराखाली का लपवलायस?"

मी पदर सावरत तिथून सटकले. त्यातल्या दोन डहाळ्या मी मेमच्या दारावर लावल्या, घरात माता आहे हे आळीला कळावं म्हणून. त्या महिन्यात एकानेही खिडकीतून डोकावलं नाही. उलट शेजारच्या कलावतीबाई रोज पायरीवर दहीभात ठेवून जायच्या. लीस तो बोटं चाटून खायची. मेम खिडकीतून त्यांना हात करायची, मग गप्पाही मारायला लागली, अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत.

एल्केच्याही खपल्या पडल्या. साहेबाने नवी तिकिटं काढली की नाही, हे विचारायची माझी छाती होईना. त्या रविवारी मेम आपणहून म्हणाली, अंबाडीला जाऊ.

बाजारात शिरतोय तोच एका बाईचा हात लीसच्या गालाकडे निघाला. मी तोंड उघडायच्या आत लीसने कमरेवर हात ठेवले आणि थेट माझ्या आवाजात ओरडली, "ए! हात नको लावू! माता आलीय!"

बाईने घाबरून हात जोडले. मेमने माझ्याकडे बघितलं. मी भोपळ्यांकडे बघायला लागले.

"शैला," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी कुठे जायचं?"

मी भर बाजारात भोकाड पसरलं. लाज नाही, शरम नाही. लोक जमले, कोणी माझ्या पाठीवर हात ठेवायला पुढे आलं. लीसने एक हात माझ्या बांगड्यांत अडकवला, दुसरा कमरेवर ठेवला आणि त्या सगळ्यांना दटावलं, "हात नको लावू!"