महिपतरावांचा ट्रॅक्टर पोट फुगवतो

संस्थान गेलं, महिपतरावांचा घोडदळाचा रिसाला मोडला, घोडे गेले. पुढे राजधानीही भोपाळला गेली, तेव्हा त्यांचे मेहुणे शिवाजीराव त्यांच्यासाठी तिथली कारकुनी ठरवूनच आले. टेबलाखाली पाय घालून बसायचं, या नुसत्या कल्पनेनंच महिपतरावांना घाम फुटायचा. त्यांची सगळी भिस्त शहराबाहेर, बिर्लानगरपलीकडच्या शेतावर होती, आणि तिथल्या ओल्या मातीत ट्रॅक्टर रुतायचा.

"दसऱ्याला ट्रॅक्टरनं शेत पार करून दाखवा," शिवाजीराव म्हणाले, "नाहीतर भोपाळ."

उपाय एकच होता, मागच्या चाकांना बाहेरून आणखी एकेक चाक जोडायचं. दसऱ्याच्या सकाळी मिस्त्री दौलतसिंह आला. इंजिन बंद, पुढच्या चाकांना दगड, मागे जॅक, सगळं रीतसर. तेवढ्यात महिपतरावांच्या पत्नी सुधाताई पूजेचं ताट घेऊन आल्या. या घरात दसऱ्याला घोडा पुजायचे; आता घोडा नाही तर ट्रॅक्टर. जिथे दुसरं चाक टेकायचं, नेमकं तिथेच त्यांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता चिकटवल्या, झेंडू खोवला.

"रावसाहब, ये साफ करना पड़ेगा," दौलतसिंह म्हणाला. "बीच में कुछ रहा तो नट ढीले होंगे."

"पूजा पुसायची? सणाच्या दिवशी?" सुधाताई कडाडल्या.

रिसाल्यात नावाजलेले महिपतराव मिस्त्रीकडे वळले. "राहू दे," ते पुटपुटले. दोन्ही चाकं पूजेवरच चढली.

ट्रॅक्टर ऐटीत निघाला. चिखलाच्या तोंडाशी मात्र महिपतरावांनी तो थांबवला, बंद केला आणि पाना मागितला.

"आता काय?" शिवाजीरावांनी विचारलं.

"खोगीर घालताना घोडं पोट फुगवतं. मग पोटाखालचा पट्टा सैल पडतो; म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा आवळायचा असतो."

"म्हणजे ट्रॅक्टर पण पोट फुगवतो!" शिवाजीराव खो खो हसले.

पाना लावला, तर नट बोटानं फिरावा तसा फिरला. सगळेच सैल! झेंडूचा पार चेंदामेंदा झाला होता. शिवाजीरावांचं हसू विरलं. सुधाताई पांढऱ्याफटक पडल्या, आणि आपण सकाळी माघार का घेतली म्हणून महिपतरावांना स्वतःचाच राग आला.

दौलतसिंहानं चाकं उतरवली. सुधाताईंनी नमस्कार केला आणि पदरानं स्वतः सगळं लख्ख पुसलं. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, थोडं चालवून पुन्हा आवळले. मग ट्रॅक्टर चिखलातून डुलत गेला नि पलीकडे निघाला.

"दादा, भोपाळच्या कारकुनीला दुसरं कोणी बघ," सुधाताई म्हणाल्या. "यांचं घोडं अजून पोट फुगवतं. त्याला सोडून कसं जायचं?"