सालकिन अपाचं नख

जिपारने तर्जनीवरची चांदीच्या कागदाची टोपी अलगद काढली, आतला अ‍ॅसिटोनचा बोळा उचलला, तसं खालचं प्लास्टिकचं नख आपोआप निसटून मेजावर पडलं. तिने दिवा जवळ ओढला आणि ते बोट धरून पुन्हा पुन्हा न्याहाळलं.

"काय झालं? मेलंय का बोट?" सालकिन अपाने विचारलं.

"बोट जिवंत आहे, अपा. नखावर हिरवा डाग आहे."

अपाने मान पुढे काढली. होता खरा, तळ्याकाठच्या दगडाने शेवाळ धरावं तसा. आठवड्यापूर्वी थोरल्या नातीने बाजारातून पाच नखं आणून, चपला चिकटवायच्या गोंदाने आजीच्या उजव्या हाताला डकवली होती. त्यानंतर गाय दोहून झाली, भांडी झाली, लोकर धुऊन झाली. कड सुटली की अपा गोंदाचा आणखी एक थेंब सोडायची.

"आत पाणी मुरलं आणि वरून तुम्ही झाकण घातलंत," जिपार म्हणाली. "या बोटावर मी आता काही चढवणार नाही. उघडं ठेवायचं, कोरडं ठेवायचं. दुखलं-सुजलं तर सरळ डॉक्टर."

"अगं, रविवारी पाळण्याचा सोहळा आहे!"

रविवारी धाकट्या नातवाला पहिल्यांदा पाळण्यात घालणार होते. पाळणा घेऊन विहीणबाई, काल्बूबू, यायची होती आणि अपा कोमुझ वाजवणार होती. तीन तारांचं हे वाद्य नखांनी छेडायचं, आणि या हिवाळ्यात अपाची नखं बिस्किटासारखी तुटू लागली होती. मागच्या लग्नात तारेवरून बोट घसरलं, तेव्हा काल्बूबू सगळ्यांदेखत म्हणाली होती, "असू द्या विहीणबाई, वय झालं आता हाताचं." तो टोमणा अपाला अजून सलत होता.

"वरून गडद रंग लाव. कुणाला दिसणार आहे?"

"दिसणार नाही, म्हणून तर नको. आत काय चाललंय ते मलाही दिसणार नाही."

"बाजारातली ती बाई दहा मिनिटांत लावून देते. एक शब्द विचारत नाही."

"मग जा ना तिच्याकडे."

बोलून गेली आणि जिपारच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नखांचं हे दुकान थाटून चारच महिने झाले होते. अपा रागावली तर कराकोल गावातल्या निम्म्या बायका रागावल्या म्हणून समजायचं.

अपा उठली. कोमुझ काखेत मारून दाराशी गेली. पण डाव्या हाताने कोमुझ धरलेलं आणि उजव्या हाताच्या उरलेल्या चार बोटांवर चांदीच्या टोप्या. कडी काही धरता येईना. कोपराने ढकलून पाहिलं, खांद्याने पाहिलं.

"दार उघड की!"

"टोप्या उतरायला अजून पाच मिनिटं आहेत. चहा घ्या."

अपा तशीच उभी राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"तुझी सासू कोण गं, पोरी?"

"अजून कुणी नाही."

"वाचली बिचारी," म्हणत अपा खुर्चीत येऊन बसली.

चार नखं भिजून सुटली. ओढावं लागलं नाही. खाली कोवळा, निरोगी गुलाबी रंग होता. जंतू मरावेत म्हणून भट्टीत तापवून बंद केलेलं हत्यारांचं पाकीट जिपारने अपासमोरच फाडलं.

"किती लांब ठेवू?"

"गाय लाथ मारणार नाही इतकी."

तर्जनीऐवजी मधल्या बोटाच्या नखावर जिपारने जेलचा पातळ थर दिला, कातडीला लागू न देता, आणि दिव्याखाली वाळवला. "वाजवा."

तार वाजली. "चमचा आपटल्यासारखं वाजतंय," अपा म्हणाली.

जिपारने कानस फिरवली. "आता?"

"अजून चमचाच. लाकडी."

पुन्हा कानस, पुन्हा तार. हे काही तिला वर्गात शिकवलं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकायची आणि धार केसभर गोल करायची. सातव्यांदा तार बोलली तेव्हा अपाने तिचा हात धरला.

"थांब. आता हात लावू नकोस."

पण घोड्याच्या टापांची जी चाल चाळीस वर्षं तर्जनीवर दौडली होती, ती मधल्या बोटाला पेलेना. टाप अडखळे, घोडा लंगडे. जिपार मान खाली घालून मेजावरची भुकटी पुसत राहिली. अपाने घोडा सोडून दिला. बोट जाईल तिकडे जाऊ दिलं. हळू, मग आणखी हळू.

"ही कुठली चाल, अपा?"

"मला काय ठाऊक? बोटाला विचार."

निघताना जिपारने बजावलं, "तीन आठवड्यांनी दाखवायला या. कड सुटली तर गोंद नाही, माझ्याकडे यायचं. आणि भांडी हातमोजे घालून."

"सासूचं नशीबच थोर," अपा म्हणाली. या वेळी दार तिने स्वतः उघडलं.

रविवारी अपाच्या अंगणात जिपारलाही आवतण होतं. काल्बूबू पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसली होती. नव्या पाळण्यात बांधलेलं पोर लालबुंद होऊन किंचाळत होतं. अपाने मधलं बोट तारेवर टेकवलं. तर्जनी उघडी, पंगतीबाहेरच्या पाहुणीसारखी जराशी वर.

तीच हळू चाल निघाली. पोर रडण्यावरून हुंदक्यावर आलं, हुंदक्यावरून जांभईवर. मग पापण्या मिटल्या. चाल संपत आली तसे पोरांनी टाळ्यांसाठी हात उचलले. काल्बूबूने वळून असं पाहिलं, की हात हवेतच राहिले.

अपा थांबली. पाळण्यातून कुरकुर आली. तिने पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने थांबून पाहिलं; पुन्हा कुरकुर.

काल्बूबू उठली. तिने वाडग्यात चहा ओतला, फुंकर घालून निववला, अपाशेजारी गुडघे टेकले आणि वाडगा तिच्या ओठांना लावला.

"प्या, विहीणबाई," ती कुजबुजली. "हात तेवढा थांबवू नका."