खर्जाची पेटी

लातूरला जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि पाऊस रुसून दोन. त्यामुळे जिल्ह्याचा वाढदिवस करावा की करू नये, यावर गंजगोलाईच्या बाजारपेठेत महिनाभर वाद चालला. शेवटी ठरलं, की मंडप नको, जेवणावळ नको, दिव्यांच्या माळाही नकोत. पण माणसाला हसायला काहीतरी पाहिजे, म्हणून मैदानावर बसवराजचा ‘गोलाई स्टार ऑर्केस्ट्रा’ ठेवावा. हे ठरलं आणि संकट उभं राहिलं ते सिद्धलिंगपुढं.

सिद्धलिंग या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची ती गिटार गळ्यात अडकवून तो पाच वर्षं रंगमंचावर उभा राहायचा, एवढं सगळ्यांना माहीत होतं. वाजवतो की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. बँजोवाल्याला लोक नावानं हाक मारत, ढोलकीवाल्याला चहा पाजायला तर चढाओढ लागे. सिद्धलिंगला मात्र एका सद्गृहस्थानं फार आपुलकीनं विचारलं होतं, “तुम्ही वायरी सांभाळता का?”

दोष त्याच्या बोटांचा नव्हता. ऑर्केस्ट्राचा सगळा आवाज दोन पत्र्याच्या भोंग्यांतून बाहेर पडे, आणि भोंग्याला गाणाऱ्याचा गळा तेवढा कळतो. खालचा खर्ज त्यातून जातच नाही. पण हे सांगणार कुणाला? सिद्धलिंगचे वडील धोंडप्पा भुसार मालाचे जुने व्यापारी. सिद्धेश्वराच्या जत्रेत एकदा ते मुद्दाम मुलाला ऐकायला आले, पहिल्या रांगेत बसले, आणि घरी येऊन टोपी खुंटीला अडकवताना म्हणाले, “तू नुस्ता हुबा होतास की रे. वाजत कवा होतं?” त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि तेच सिद्धलिंगला जास्त लागलं.

त्यात बसवराजनं नवा कीबोर्ड आणला. बसवराज म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक, मुख्य गायक आणि केसांना साऱ्या लातुरात सगळ्यात जास्त तेल लावणारा माणूस.

“डाव्या हातानं याच्यावर बेस वाजतोय,” तो म्हणाला. “मंग तुला हुबं कशाला करायचं, सांग बरं. वाढदिवसापस्तोर सोताची स्पीकरपेटी आण. तुजं वाजणं मागच्या रांगेला आयकू गेलं, तर तू हाईस. न्हाई गेलं, तर गिटार खुंटीला टांग आन बापाच्या दुकानात बस.”

दिवस होते वीस. पंधरा इंची स्पीकर सिद्धलिंगनं मागंच हैदराबादहून आणून ठेवला होता. पण नुसता स्पीकर म्हणजे पडघमाशिवाय ताणलेलं कातडं. त्याला मापाची पेटी पाहिजे. कुणीतरी सांगितलं, की नांदेडला स्टेशनजवळ वीरण्णा नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस अशा पेट्या हवं तशा बनवून देतो. सिद्धलिंगनं गिटार पोत्यात गुंडाळली आणि एसटी धरली.

वीरण्णा मोठा मोकळा माणूस. त्यानं एक काळी, चकचकीत, चारी कोपऱ्यांना पत्रा ठोकलेली, आत स्पीकर आधीच बसवलेली पेटी पुढं ओढली, तिला मुलीसारखं थोपटलं आणि म्हणाला, “वाजवा. छातीत धडधडलं न्हाई तर नाव बदलीन.”

सिद्धलिंगनं वाजवलं. छातीत धडधडलं, यात शंकाच नव्हती. समोरच्या फळीवरचे दोन रेडिओही हलले. पण तो एकेक सूर चढत गेला, उतरत आला, आणि त्याच्या लक्षात आलं, की पेटी प्रत्येक सुराला एकच उत्तर देते आहे. खालचा सूर दिला, ढुम. वरचा दिला, ढुम. त्यानं पेटीच्या पाठीवर तळहात ठेवला. पातळ प्लायवुड हाताखाली थरथरत होतं. आवाज स्पीकरचा कमी आणि फळीचाच जास्त होता.

“सगळे सूर एकच वाजायलेत की,” तो म्हणाला.

“लोकायला कुठं मालूम पडतंय? लोकायला ढुम पाहिजे,” वीरण्णा हसून म्हणाला. पण माणूस प्रामाणिक होता. “घेऊन जा. कार्यक्रमापस्तोर ठेवा. न्हाई पटली तर वापस.”

एसटीच्या टपावर बांधलेली पेटी घेऊन परत येताना सिद्धलिंगनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. स्पीकरनं हवा हलवावी; पेटीनं हलू नये. म्हणजे जाड लाकूड पाहिजे, आणि सांध्यातून वारासुद्धा जाता कामा नये. असं काम करणारा माणूस कोण? लोहा गावाच्या पुढं गाडी आली आणि त्याला निवृत्ती सुतार आठवला.

निवृत्ती गोलाईच्या मागच्या गल्लीत धान्याच्या पेट्या बनवायचा. त्याच्या पेटीत मुंगी शिरत नाही अशी ख्याती होती, आणि निवृत्ती ती स्वतःच जास्त सांगायचा. दुष्काळात मात्र त्याच्याकडं कुणी फिरकेना. ठेवायला धान्यच नाही, तर पेटी कशाला? वाळून खणखणीत झालेलं सागवान भिंतीला टेकून उभं होतं आणि निवृत्ती त्याच्या शेजारी.

“मामा, एक पेटी पाहिजे. वारा घुसला न्हाई पाहिजे,” सिद्धलिंग म्हणाला.

“वाऱ्याचा बाप घुसणार न्हाई.”

“आन पुढच्या बाजूला ताटाएवढं भोक पाहिजे.”

निवृत्तीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू त्यानं नव्या लुगड्याला कात्री लावायला सांगितली. “आरं, जल्मभर भोकं बुजवली मी,” तो म्हणाला. “आन आता करू म्हनतोस?” पण काम नसण्यापेक्षा भोक बरं, असा विचार करून त्यानं रंधा उचलला.

आठ दिवस निवृत्तीनं त्या पेटीवर जीव ओतला. अंगठ्याएवढ्या जाडीच्या फळ्या एकमेकींत दात अडकवून बसवल्या, आतून आडव्या पट्ट्या ठोकल्या. पिंजाऱ्याकडून पिंजलेला कापूस आणून पाठीला आणि दोन्ही बाजूंना चिकटवला, कारण आत आवाज आदळून परत येऊ नये असं सिद्धलिंगनं कुठंतरी वाचलं होतं. मग भोकावर पाट दाबून धरून, आत पेटती उदबत्ती ठेवून निवृत्तीनं चारी कडांना नाक लावलं. धूर कुठूनही आला नाही. इतका खूश झालेला माणूस त्या उन्हाळ्यासारख्या श्रावणात लातूरनं दुसरा पाहिला नसेल.

स्पीकर बसवायच्या आधी निवृत्तीची बायको चतुराबाई हळदीकुंकू घेऊन आली. तिनं पेटीला बोटं लावली, भोकातून आत हात घातला, काहीतरी पुटपुटली. सिद्धलिंग वायरी जोडण्यात गुंतला होता. मग निवृत्तीनं स्पीकर बसवला, आठ स्क्रू पिळले आणि कडेला लांबीचा लगदा भरून तीही पक्की बुजवली. सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडप्पांच्या दुकानामागच्या अंगणात दोन्ही पेट्या शेजारी शेजारी मांडल्या. आत गोदाम रिकामंच होतं, पण सिद्धलिंगनं अंगणाचा हट्ट धरला. चार भिंतींत सगळ्याच पेट्या शूर असतात, वाजायचं तर मोकळ्यावर होतं. बसवराज खुर्ची टाकून बसला. निवृत्ती धुतलेला सदरा घालून आला होता, चतुराबाई दाराशी पदर सावरून उभी होती. धोंडप्पा दुकानातल्या गादीवरून न उठता नुसतं बघत होते.

आधी नांदेडची पेटी. अंगण हाललं. बसवराजनं मान डोलावली. “जोरदार हाय.”

मग निवृत्तीची. सिद्धलिंगनं वरच्या तारेपासून सुरुवात केली, आणि स्वतःच थांबला. पाच वर्षं जे फक्त बोटांना माहीत होतं, ते त्यानं पहिल्यांदा कानांनी ऐकलं. प्रत्येक सूर वेगळा, गोल, आपापल्या जागी. बसवराजची भुवई वर गेली. तेलकट डोक्याचा माणूस असला तरी कान होते त्याला. सिद्धलिंगला इतका आनंद झाला, की त्यानं आणखी खाली यायचं धाडस केलं आणि सगळ्यात जाड तार मोकळी छेडली.

खर्रर्रर्र.

पुन्हा छेडली. खर्रर्रर्र.

“पेटी खोकायली,” बसवराज म्हणाला.

स्क्रू आवळले. पुढची जाळी काढून बाजूला ठेवली. निवृत्तीनं प्रत्येक सांध्यावर बोट फिरवलं, पाठीवर कान लावला. जाड तार छेडली, की आत काहीतरी घसा खरवडायचंच. तीस वर्षांत ज्याच्या पेटीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, तो निवृत्ती धुतलेल्या सदऱ्याच्या बाहीनं तीच पेटी पुन्हा पुन्हा पुसायला लागला. सिद्धलिंगला त्याच्याकडं बघवेना.

बसवराज उठला. “हे बघ, नांदेडची पेटी ठेवू. आवाज तर हाय. पन त्याच्यातून सगळा ढुमच ढुम येतोय, आन तसला ढुम माजा कीबोर्डवाला डाव्या हातानं काढायलाय. मंग तुजं काय काम, तूच सांग.”

सिद्धलिंगनं गिटारचा पट्टा खांद्यावरून उतरवायला घेतला.

“थांब,” धोंडप्पा म्हणाले. “पुन्यांदा वाजव.”

ते गादीवरून उठले, धोतर सावरत अंगणात आले आणि पेटीसमोर उकिडवे बसले. सिद्धलिंगनं जाड तार छेडली. धोंडप्पांनी डोळे मिटले. गोलाईतले जुने व्यापारी माल घेताना मूठभर दाणे पत्र्याच्या झाकणावर टाकून ऐकतात. ओला दाणा बद्द वाजतो, वाळलेला खणखणीत. चाळीस वर्षं धोंडप्पांनी हेच केलं होतं. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण हे गाणं नव्हतंच.

“आनखी एकदा,” ते म्हणाले, आणि मग डोळे उघडून शांतपणे सांगितलं, “जवारी हाय.”

“काय हाय?” बसवराज म्हणाला.

“जवारी. दगडी. वाळलेली हाय चांगली. मूठभर असंल.”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. निवृत्तीनं मात्र हळूच मान वळवून दाराकडं पाहिलं. चतुराबाईचा पदर तोंडावर गेला होता.

“मंग काय करावं,” ती म्हणाली. “रिकामी पेटी घरातून जाऊ द्यायची का? सासूबाईनं कवा दिली न्हाई, मी बी न्हाई. मूठभर धान्य टाकल्याबिगर पेटी जात न्हाई आपली.”

हे खरं होतं. निवृत्तीच्या घरातून गेलेल्या प्रत्येक पेटीच्या तळाशी मूठभर दाणे असत. नेणाऱ्याचं घर भरलेलं राहावं म्हणून. आजवर त्या पेट्यांवर पोतीच्या पोती धान्य पडत आलं होतं, त्यामुळे ती मूठ कधी कुणाला ऐकू आली नव्हती. ही पहिलीच पेटी, जी वाजणार होती. आणि या दुष्काळात, जेव्हा घरातलं धान्य माणसं मोजून शिजवत होती, तेव्हाही चतुराबाईनं मूठ आखडली नव्हती.

निवृत्तीनं कडेची लांबी खरवडली, आठ स्क्रू काढले. धोंडप्पांनी आत हात घातला आणि तळावरचे दाणे ओंजळीत गोळा केले. टपोरी, पांढरी, गावरान दगडी ज्वारी.

“हायब्रीड असती तर येवढी बोलली नसती,” ते समाधानानं म्हणाले.

“काढा मालक, पन पेटी रिकामी नका ठिवू,” चतुराबाई म्हणाली. आवाज लहान होता, पण हटायची तयारी नव्हती. निवृत्तीही पेटीला हात लावेना. वाढदिवस दोन दिवसांवर, आणि एका मुठीवर सगळं अडलं.

धोंडप्पा ओंजळ तशीच धरून उठले. मग दुकानात गेले. बापजाद्यांपासून चालत आलेल्या त्या गादीचा कोपरा त्यांनी कापला, मुठीएवढा कापूस उपसला, त्यात ज्वारी घट्ट गुंडाळली आणि वर चिंधी बांधली. “घे, ठोक आत,” त्यांनी पुरचुंडी निवृत्तीच्या हातात दिली. घरातल्या कुणी त्या गादीवर पाय ठेवला तरी ओरडणारे धोंडप्पा, आणि त्यांनीच तिला कात्री लावली, हे सिद्धलिंग डोळे फाडून बघत राहिला.

निवृत्तीनं पुरचुंडी आतल्या पट्टीला दोन खिळ्यांनी पक्की केली. स्पीकर बसला. सिद्धलिंगनं जाड तार छेडली. सूर निघाला, अंगणभर पसरला, कुंपणापलीकडं गेला, आणि त्यात खोकल्याचा लवलेश नव्हता. बसवराजनं दोन्ही हात वर केले. नांदेडची पेटी त्यानं कीबोर्डाला ठेवून घेतली, त्यामुळे वीरण्णाचंही कल्याण झालं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी मैदान भरून गेलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा लोक टँकरची वाट बघत मांडून ठेवलेल्या रिकाम्या पिंपांवर बसले. सगळ्यात मागं, अशाच एका पिंपावर धोंडप्पा होते. निवृत्ती आणि चतुराबाई पुढच्या रांगेत, गायकाकडं ढुंकूनही न बघता नुसत्या पेटीकडं बघत. सिद्धलिंगनं डोळे मिटून वाजवलं. मागच्या रांगेला काय ऐकू येतंय, हे बघायची त्याची छाती झाली नाही.

कार्यक्रम संपला. बसवराजनं पाठीवर थाप मारली, बँजोवाल्यानंही मारली. त्या आपुलकीच्या गृहस्थानं पुन्हा येऊन विचारलं, “ती पेटी तुमची का?” सिद्धलिंग हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं गिटार पोत्यात गुंडाळली आणि मैदानाच्या टोकाला गेला.

धोंडप्पा पिंपावरून उतरून धोतर झटकत होते. दोघं गोलाईच्या दिशेनं चालायला लागले. अर्धा रस्ता झाला तरी धोंडप्पा टँकरचं आणि बाजारभावाचंच बोलत होते. सिद्धलिंगला वाटलं, याही वेळी त्यांना काही ऐकू गेलं नाही.

“सिद्धलिंगा,” शेवटी धोंडप्पा म्हणाले.

“काय अप्पा?”

“तिसऱ्या गाण्यात, मदल्या कडव्यात, तू एकदा चुकलास.”

सिद्धलिंग रस्त्यात थांबला. चुकला होता, खरंच. बोट गिटारच्या मानेवर एका घरानं खाली पडलं होतं. बसवराजच्या लक्षात आलं नव्हतं, ढोलकीवाल्याच्या नव्हतं, सबंध मैदानात कुणाच्याच नव्हतं. पाच वर्षं झाली वाजवतोय, पण त्याची चूक आजवर कुणी काढली नव्हती.

“हाव अप्पा,” तो म्हणाला, आणि त्याला इतका आनंद झाला, की पुढचं काही बोलताच येईना.

“पुढल्या टायमाला ध्यान देऊन वाजव,” धोंडप्पा म्हणाले, आणि पोत्याचं एक टोक त्यांनी आपल्या हातात घेतलं.