तळव्यातली पुट्टी

आमच्या कारखान्यातून दुरुस्त होऊन गेलेल्या पुतळ्यावर माशी बसली तर तिचा पाय घसरतो. ही बढाई माझ्या नवऱ्याची, पण श्रेय सगळं सासूबाईंच्या उजव्या तर्जनीचं. त्यांची नजर जाऊन सहा वर्षं झाली. तरी कपड्यांच्या दुकानातली बाहुली असो, बागेतला सिंह असो की थडग्यावरचा देवदूत, शेवटचा हात त्यांचाच. सगळीकडून बोट फिरवायचं, कुठे अडलं की म्हणायचं, "भर." मी पुट्टी भरायची. बोट सरळ गेलं की माल बाहेर.

मागच्या महिन्यात एका सिंहाच्या शेपटीला चीर राहिली आणि गिऱ्हाईक चारचौघांत ओरडून गेलं. तेव्हापासून नवऱ्याचं एकच टुमणं, "आता एक चूक झाली की आई घरी. बसू दे आरामात खिडकीपाशी." सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सूनबाई, डोळे गेले तेव्हा रडले नाही गं. पण हे बोट रिकामं बसलं तर माझ्याकडे उरलं काय?"

अशात फादर येशूचा पुतळा घेऊन आले. मरणातून उठल्यानंतरचा, हात पसरून उभा असलेला. चर्चला रंग देताना शिडी पडली आणि प्रभूचे दोन्ही हात मनगटापासून निखळले. धड नवऱ्याच्या टेबलावर गेलं. हात आले माझ्या टेबलावर, आणि तिथे आधीच बाहुल्यांचे नऊ हात पडलेले. झाले अकरा! सासूबाई एकेक चाचपत होत्या, "भर. हा ठीक. भर. अगं बाई, या दोन हातांच्या तळव्यांत तर खड्डेच पडलेत, भर भर!" मी भरले. वर रंगाचा हात मारला. वर गाणंही गुणगुणत होते, लाज नाही मला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी फादर पुतळा न्यायला आले. नवऱ्याने ऐटीत चादर ओढली. "बघा फादर, एक भेग सापडली तर नाव बदलेन!"

फादर बघत राहिले. चष्मा पुसला, परत बघितलं. "काम सुंदर आहे हो. पण खिळ्यांच्या जखमा कुठे गेल्या?"

अरे देवा! कालचे ते दोन खड्डे! नवरा पांढराफटक पडला. "कोणी? कोणी बुजवल्या?"

कोपऱ्यात स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या, तर्जनी मुठीत लपवून. ती मूठ बघितली आणि माझ्या तोंडून खोटं सुटलंच. "मी! आईंनी हे हात बघितलेच नाहीत. मीच गाढव, परस्पर भरून टाकले."

"डोळे आहेत ना तुला?" मग जी सरबत्ती सुरू झाली! माझं लक्ष कुठे असतं, माझ्या माहेरी काय शिकवलं, सगळं निघालं. मी मान खाली घालून खात होते आणि, खरं सांगते, मला हसू आवरेना. बोलणी खाताना इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"अहो, चूक माझी," फादर मध्ये पडले. "मीच आधी सांगायला हवं होतं."

"छे छे, माझी," नवरा वरमला. "हात तर मी जोडले. मला दिसायला हवं होतं."

"माझी म्हटलं ना!" मी ओरडले. माझी चूक पळवतात म्हणजे काय? तिघांची चांगलीच जुंपली.

"गप्प बसा सगळे!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "बोट माझं. 'भर' मी म्हटलं. ही पोरगी माझ्यासाठी खोटं बोलतेय."

नवरा आधी आईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. सासूबाई म्हणाल्या, "फादर, एक सांगा. मेलेला उठला ना तो? एवढं जमलं, मग जखमा बुजवणं नाही जमलं?"

"जमलं असतं की," फादर हसले. "पण ठेवल्या. त्याच बघून मित्रांनी ओळखलं त्याला. देवाला खिळा कुठला लागतोय, मावशी? म्हणून तर तो माणूस झाला. आपलं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. त्याची खूण तो कशी पुसेल?"

"म्हणजे ते बिघडलेलं नव्हतं?"

"नाही हो. तेच तर त्याचं काम."

"झाली का पंचाईत!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "तारणाऱ्याचं कामच दुरुस्त करून ठेवलं की गं आपण!" आणि त्या खो खो हसत सुटल्या. मग काय, मीही सुटले. फादरांचा तर चष्माच खाली पडला.

पण उद्या सकाळी चर्च भरणार होतं. नवऱ्याने खिळा आणि हातोडी आणली, खिळा तळव्यावर टेकवला आणि थांबला. "मला नाही जमणार." हातोडी माझ्या हातात. मी ती फादरांकडे सरकवली. फादरांनी ती तापलेलं पातेलं हातात आल्यासारखी परत नवऱ्याकडे दिली. तीन धडधाकट माणसं आणि एक हातोडी, पण कोणी घेईना.

"व्हा बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "ज्याने बुजवलं त्यानेच उघडावं." हातोडीला त्यांनी हातही लावला नाही. चाचपत पुतळ्यापाशी गेल्या आणि तळव्यावर तर्जनी टेकवली. आमची पुट्टी वरून सुकते, आत दोन दिवस ओलीच असते. त्यांनी जोर दिला. रंगाचा पापुद्रा फुटला, बोट आत गेलं. मग दुसरा तळवा. "दुखलं का रे?" त्या हळूच विचारत होत्या. आता हसत नव्हत्या, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

फादर पुतळा घेऊन गेले. नवरा टेबलापाशी गेला. मला वाटलं, आता हा निकाल लावणार! त्याने बाहुलीचा एक हात उचलला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"आई, शेवटचा हात फिरव."

"आणि परत चुकलं तर?"

"तर मी चुकलो म्हणून सांगेन."

सासूबाईंनी डोळे पुसले. बाहुलीच्या तळव्यावरून त्यांचं बोट सरकलं आणि मध्येच अडलं.

"भर," त्या म्हणाल्या. "पण आधी नीट बघ गं, हात कोणाचा आहे ते!"