बन्सीचा सिलिंडर

आमच्या शिरूरला समुद्र नाही. घोड नदी आहे, आणि उन्हाळ्यात तिच्यात गुडघाभर पाणी. अशा गावात पाण्याखाली बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या जुन्या सामानाचं संग्रहालय काढायचं खूळ कुणाच्या डोक्यात यावं, तर आमच्या ह्यांच्या. मी शंभरदा सांगून पाहिलं. पण मिशन दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या बाईचं सगळे ऐकतात, फक्त नवरा सोडून.

विल्यम नेव्हीत पाण्याखालचं काम शिकले. मग मुंबईच्या एका ठेकेदार कंपनीत लागले. धरणांच्या दरवाजात अडकलेला गाळ आणि लाकडं पाण्याखाली जाऊन काढायची, हे काम. अठ्ठ्याण्णव साली कंपनी बंद पडली आणि गोदामातला माल भंगारात निघाला, तेव्हा हे टेम्पो घेऊन गेले. रबरी मुखवटे, शिशाचे पट्टे, बेडकाच्या पायासारख्या चपला, दोन जाड नळ्यांची श्वास घ्यायची यंत्रं, आणि चार करडे सिलिंडर. हे सगळं मिशनच्या कंपाउंडमधल्या जुन्या औषधांच्या खोलीत मांडलं. प्रत्येक वस्तूला सुतळीनं चिठ्ठी बांधली आणि प्रत्येक चिठ्ठीवर खाली लिहिलं, 'हात लावू नये.' जणू हात लावायला रांगच लागणार होती. वर्षभरात जी माणसं डोकावली, त्यांतल्या निम्म्यांनी गॅसची एजन्सी घेतली का, असं विचारलं.

पण खरं कारण त्या चारांतला एक सिलिंडर होता, हे मला पक्कं माहीत होतं. तो बन्सीचा.

बन्सी दौंड तालुक्यातल्या खुटबावचा. विल्यमच्या हाताखाली तयार झालेला, सव्वीस वर्षांचा. त्या सिलिंडरांच्या मानेशी एक खटका असतो आणि त्याला कमरेपर्यंत येणारी एक सळई. हवा संपत आली की सळई खाली ओढायची, म्हणजे राखून ठेवलेली शेवटची थोडी हवा सुरू होते आणि माणूस वर येतो. एकोणऐंशी साली बन्सी वर आला नाही. विल्यमनीच त्याला बाहेर काढलं. सळई त्याच्या मुठीत होती आणि खटका गच्च अडकलेला. विल्यमनी तो स्वतः ओढून पाहिला, हलला नाही. कंपनीनं मात्र सिलिंडर गोदामात टाकला आणि कागदावर लिहिलं, 'मृताने सळई ओढण्यात हयगय केली.'

हा कागद बन्सीच्या आईला, जाईबाईंना, शाळामास्तरांनी भर वस्तीत वाचून दाखवला. तेव्हापासून गावानं ठरवूनच टाकलं की पोरगं पिऊन उतरलं असणार. विल्यम दर वर्षी खुटबावला जायचे, तिच्या ओट्यावर बसायचे, सांगायचे, "मावशी, तो विसरला नव्हता. सळई अडकली होती." म्हातारी दर वर्षी एकच म्हणायची, "मला एकदा वडून बघू दे, बाबा. मंग मी गप ऱ्हाईन."

एवढ्यासाठी ते संग्रहालय. वीस वर्षांचा गंज चढलाय, कुणीही म्हणेल गंजानं अडकलं, हे मी त्यांना बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले, "कुणासाठी नाही. तिच्यासाठी."

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात बेत ठरला. जाईबाईंना आणायचं, पाद्रीसाहेबांनी प्रार्थना म्हणायची आणि खोली उघडायची. विल्यम आदल्या दिवशीच एसटीनं न्हावऱ्यामार्गे खुटबावला गेले. आमच्याकडे नाताळच्या आधी घरातली झाडून सगळी चीजवस्तू अंगणात काढून धुवायची रीत आहे. प्रार्थनेची पितळी समई असो नाहीतर स्वयंपाकघरातला डबा, सगळ्याला चिंच आणि राख लागते. मी म्हटलं, पाहुणे येणार, म्हातारी लांबून येणार, आणि ह्यांच्या वस्तूंवर बोटभर धूळ. लाज कुणाला वाटणार, मलाच ना.

सगळं अंगणात काढलं. चिठ्ठ्या भिजून शाई फुटू नये म्हणून आधी त्या सोडून घेतल्या आणि कोणती कुठली ते चुकू नये म्हणून ओळीनं मांडून ठेवल्या. नळ्या पुसल्या, पट्टे घासले. चारही सिलिंडर भिंतीशी ओळीनं उभे केले. करडे, सारखे, चार भाऊ असावेत तसे. दवाखान्यात माझ्या हातातली कात्री किंवा चिमटा अडकलेला मी कधी चालवून घेतला नाही. इथे प्रत्येक खटक्यात शिवणयंत्राचं तेल सोडत गेले. तीन पटापट हलले. चौथा हट्टी निघाला. त्याला मी रॉकेल पाजलं, गरम पाण्याचा फडका गुंडाळला, पुन्हा तेल घातलं, लाकडी ठोकळ्यानं हलकेच ठोकलं. दुपारचं जेवणही राहिलं. चार वाजता तो कट्‌ करून सुटला. खरं सांगते, मला आनंद झाला. मी सळई पाच-सात वेळा खाली-वर केली.

मग चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. कडेच्या सिलिंडरची, त्याच्या शेजारच्याची, तिसऱ्याची. हातात एकच उरली. तिच्यावर विल्यमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बन्सी.'

अडकलेलं सोडवायच्या नादात हा कुणाचा सिलिंडर हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. खटका पुन्हा अडकावा म्हणून मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. तेल पुसलं. मीठ चोळलं. तो लोण्यासारखा फिरत राहिला.

सकाळी अकराला दोघं आली. येणाऱ्यांत पाद्रीसाहेब आणि दोन शेजारणी, एवढेच. मी विल्यमना दारातच गाठायला धावले, पण जाईबाई त्यांच्या हाताला धरून होती आणि तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मी बाजूला झाले आणि त्यांना आत जाऊ दिलं. प्रार्थना झाली. विल्यमनी तिला बन्सीच्या सिलिंडरापाशी नेलं, तिचा हात सळईवर ठेवला आणि म्हणाले, "ओढा मावशी. जोर लावून ओढा."

तिनं पाय रोवले, दम धरला आणि ओढलं. सळई खाली आली. जोर वाया जाऊन म्हातारी धडपडली, विल्यमनी तिला सावरलं.

तिनं सळई वर सारली. पुन्हा ओढली, ह्या वेळी दोन बोटांनी.

"येवढी हलकी हाय व्हय," ती म्हणाली.

विल्यमनी खटक्याला बोट लावलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मावशी, मी तेल घातलं," मी म्हणाले. "काल दुपारभर खपले तिच्यावर. गच्च होती. शपथ घेऊन सांगते, गच्च होती."

जाईबाईंनी माझा हात हातात घेतला. माझी समजूत काढावी तसा थोपटला.

"ऱ्हाऊ द्या, सिस्टर. तुमी दोघांनी माझ्या जिवासाठी वीस वर्सं लई केलं. आता नगं. इसरला आसंल पोरगं. घाबारलं आसंल."

"तो विसरला नव्हता," विल्यम म्हणाले. त्यांचा आवाज खोलीतसुद्धा पुरला नाही.

तिनं चहा घेतला. दुपारच्या एसटीनं जाते म्हणाली. निघताना ती एकटीच पुन्हा आत गेली आणि सळई धरून खटका हळूच वर सारून ठेवला.

"बंद क्येला," मला म्हणाली. "न्हाईतर आतली हवा जायाची."