धाकटीचे तीस तास

माझ्या मधल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी धाकटीच्या परवान्याची मुदत संपत होती. धाकटी म्हणजे माझी सगळ्यात लहान बहीण. केस पिकले तरी घरात तिला धाकटीच म्हणतात. ती सत्तावीस वर्षं नर्स होती, त्यातली शेवटची नऊ डायलिसिसच्या खोलीत. त्याच खोलीत चार नंबरच्या खाटेवर आठवड्यातून तीन दिवस माझे यजमान असत.

यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यावर दुकान मुलाकडे दिलं, पण खोड गेली नाही. मशीनवर घेण्याआधी पेशंटचं वजन करतात. हे काट्यावर उभे राहिले की दर खेपेला सांगायचे, हा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो. धाकटी म्हणायची, "दाजी, काटा बरोबर आहे. तुम्ही चोरून पाणी पिता." खोलीतले बाकीचे पेशंट हसायचे. कारण हे खरोखरच प्यायचे.

यांच्या डाव्या हातावर ऑपरेशन करून शीर फुगवलेली होती. तिच्यात दोन जाड सुया घालाव्या लागत, एकीतून रक्त मशीनकडे जाई, दुसरीतून परत येई. पण यांची शीर हट्टी. सुई टेकली की बाजूला सरायची. पहिल्या दोन महिन्यांत तिघीजणींनी प्रयत्न केले आणि हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. मग धाकटीने हात घातला. ती आधी डोळे मिटून तीन बोटांनी शीर चाचपायची, कातडी खाली ओढून धरायची आणि सुई बाजूने आत न्यायची. यांना कळायचंही नाही. तेव्हापासून यांच्या हाताला दुसऱ्या कुणी सुई लावली नाही. मोठ्या डॉक्टरांनीही तसंच सांगून ठेवलं होतं. ही शीर गेली तर दुसरी करायला जागा नाही, मग मानेत नळी घालावी लागेल, आणि मानेतली नळी या वयाला फार दिवस धकत नाही.

नर्सच्या परवान्याचं असं होतं. दर पाच वर्षांनी तो नवा करायचा आणि त्यासाठी तीस तासांचं शिक्षण झाल्याचं दाखवायचं. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरायचे. पूर्वी वहीत सही करायची असे. नंतर दाराला यंत्र बसवलं. त्याला गळ्यातलं कार्ड दाखवायचं, तास आपोआप परवाना देणाऱ्या नर्सिंग परिषदेकडच्या आपापल्या खात्यात जमा व्हायचे.

पण खाली सहा मशीनं चालू असताना सगळ्या नर्सा वर कशा जाणार? म्हणून त्या खोलीची एक रीत पडून गेली होती. एकीने वर्गाला जायचं आणि मागे राहणारीचं कार्ड खिशात न्यायचं. वर जाणारी बहुतेक चिमणी असे. अंगाने बारीक, तोंडाने मोठी, म्हणून चिमणी. मागे राहणारी धाकटी, कारण चार नंबरला सुई तिनेच लावलेली असायची. हे बरोबर नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाईट आहे असं मात्र कुणालाच वाटत नव्हतं.

मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा धाकटी आमच्याकडे अर्ज भरायला बसली. तिच्या मते तीसच्या जागी चौतीस तास झाले होते. पडद्यावर चार दिसत होते. तिने तीनदा बंद करून उघडलं. मग फोन माझ्याकडे दिला. मला वाचायला तिनेच शिकवलेलं, तेही माझी पंचेचाळिशी उलटल्यावर, त्यामुळे मी अजून एकेक शब्द बोट ठेवून वाचते. पंधरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत आत गेल्याची वेळ होती आणि बाहेर पडल्याची जागा रिकामी. शेवटी लिहिलेलं, उपस्थिती अपूर्ण. दोनच वर्गांना ती स्वतः गेली होती, तेवढेच भरले होते.

चिमणीला फोन लावला. ती आधी रागावली, मग रडायला लागली. आत जाताना ती दोन्ही कार्डं दाखवायची. बाहेर पडताना स्वतःचं गळ्यात असायचं ते दाखवायची आणि खाली मशीनची घंटा वाजत असेल म्हणून पळत सुटायची. धाकटीचं खिशातच राहायचं. पाच वर्षांत एकदाही तिच्या लक्षात आलं नाही, आणि धाकटीने एकदाही खातं उघडून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परिषदेच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडचा कारकून तरुण होता, उर्मट नव्हता. त्याने सगळ्या ओळी पाहिल्या आणि विचारलं, "या वेळेला तुम्ही नक्की कुठे होतात, सिस्टर?"

धाकटी म्हणाली, "खाली. पेशंटपाशी."

"मग वर्गात नव्हतात."

बोलून त्यालाच अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, हॉस्पिटलने लिहून दिलं की त्या वर्गात होत्या, तर मी आजच भरतो. नाहीतर घरबसल्या फोनवर धडे करा. पण आठवड्याला दोनच तास मिळतात आणि ते तपासून जमा व्हायला आणखी महिना जातो. मी विचारलं, तोवर माझ्या माणसाला सुई कोण लावणार? त्याने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आजी, ते या खिडकीवर नाही."

खोलीच्या मोठ्या सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी पत्र लिहायला घेतलं, आणि दोन ओळी लिहून थांबल्या. दर अर्ध्या तासाला पेशंटचा रक्तदाब तक्त्यावर लिहून सही करायची असते. वर्गाच्या प्रत्येक दिवशी, वर्गाच्याच वेळी, चार नंबरच्या तक्त्यावर धाकटीच्या सह्या होत्या. पत्र खरं ठरवायचं तर तक्ते खोटे ठरवावे लागणार. मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, जुने तक्ते अजून कागदावरच आहेत, कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

"दाजींच्या कागदावर मी तिथे नव्हते असं लिहायचं?" धाकटी म्हणाली. "राहू द्या."

मी तिथेच बसले होते. लिही म्हणावं असं मला वाटत होतं. ते मी बोलले नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही.

एक जूनला तिच्या कार्डाने खोलीचं दार उघडलं नाही.

त्यानंतर ती माझ्याबरोबर नातेवाइकांच्या बाकावर बसू लागली. दाराला वर काच होती. आत नवी मुलगी यांच्या हाताशी झगडायची आणि बाहेर धाकटी उभी राहून स्वतःच्याच हातावर तीन बोटं फिरवायची. पहिल्या दिवशी दोनदा टोचावं लागलं, तिसऱ्या खेपेला चारदा. नवी मुलगी काही हलगर्जी नव्हती, घामाने निथळत होती. एकदा कुणी बाहेर येताना दार उघडलं, तेव्हा न राहवून धाकटीने ते धरून आत सांगितलं, "वरून जाऊ नकोस, कातडी खाली ओढ." मोठ्या सिस्टर बाहेर आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, परवाने तपासायला माणसं येऊन बसलीत गं, असं करू नकोस. ती परत बाकावर येऊन बसली.

यांनी जाताना विचारलं, "काय मेव्हणीबाई, पास झालात की नाही?"

"चाललाय अभ्यास," ती म्हणाली.

अभ्यास चाललाच होता. आमच्या जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून ती धडे पाहायची. पुढे ढकलायची सोय नव्हती. सगळी चित्रफीत बघावीच लागे. चौथ्या आठवड्यात धडा लागला तो डायलिसिसच्या शिरेची काळजी कशी घ्यावी याचा. पडद्यावरची बाई रबरी हातात सुई घालून दाखवत होती. धाकटी म्हणाली, "वरून घालतेय बघ." मग प्रश्न आले. तिला शंभरपैकी सत्तर मिळाले. यंत्राने अभिनंदन केलं. मी हसले, तीही हसली, आणि मग उठून मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही.

जूनच्या शेवटी हाताची शीर बसली. तिच्यावर कान ठेवला की घरघर ऐकू यायची, ती थांबली. मानेत नळी घातली. हे म्हणाले, गळ्यात पट्टा बांधून मला कुठे न्यायचा विचार आहे? नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. नळी बदलली, औषधं बदलली. धाकटी दिवसभर पायांशी बसून असायची. तिला कपाळावर पट्टी ठेवता येत होती, पाणी पाजता येत होतं, म्हणजे मला जे येत होतं तेवढंच. सलाइनची बाटली संपत आली की ती उठून दुसऱ्या नर्सला बोलवायला जायची. तोवर तिच्या खात्यात बारा तास जमा झाले होते.

माझे यजमान त्याच वर्षी एकोणीस जुलैला, बुधवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वारले.